माथ्यावरचे शवासन आणि मनोरमाबाई

श्रीमती मनोरमाबाई चुरी यांचा आणि माझा परिचय भांडणाने झाला. हे वाक्य थोडे सौम्य करावे, अशी सूचना या गौरवग्रंथाच्या संपादकांनी केली होती. मी ती मानली नाही, कारण वाक्य खरे आहे आणि मनोरमाबाईंना खोटे प्रास्ताविक आवडणार नाही.

स्वराज्य मिळून चार-पाच वर्षे झाली होती. पुण्याचे शिक्षण संपवून मी डहाणूच्या शाळेत संस्कृतचा शिक्षक म्हणून रुजू झालो. पहिल्याच सकाळी मैदानावर मुलींचा सूर्यनमस्कारांचा तास चाललेला दिसला. नमस्कार रेखीव होते. सूर्याची नावे मात्र कानांना सहन होत नव्हती. ऱ्हस्व-दीर्घाचा कोणताही नियम तेथे पाळला जात नव्हता. मी थेट मैदानात गेलो आणि शिकवणाऱ्या बाईंना म्हणालो, "या मुली निम्मी नावे चुकीची उच्चारीत आहेत."

"आपण कोण?"

"नवीन संस्कृत शिक्षक."

"बरं झालं आलात. उद्यापासून तासाच्या आधी येत जा. नावं तुम्ही सुधारा, पाठी मी सुधारते." मग मला एकदा नीट न्याहाळून त्यांनी जोडले, "आणि सर, येतच आहात तर तुमच्या पाठीचंही बघू. आत्ताच प्रश्नचिन्हासारखी झाली आहे."

मुली हसल्या. मला राग आला, आणि तो राग आठवडाभर टिकला. परंतु दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेलो. त्यांनी एकाही उच्चारावर वादासाठी वाद घातला नाही. चूक दाखवली की ती त्या स्वतः घोकत, मग मुलींकडून घोकून घेत. शिकवणाऱ्यांमध्ये हा गुण मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे, आणि मी पुष्कळ शिक्षक पाहिले आहेत.

मनोरमाबाई चिकूची वाडी असलेल्या सुखवस्तू घरातल्या. लहान वयात त्यांच्यावर वैधव्याचा आघात झाला. त्यानंतर त्यांनी मुंबईस राहून शिक्षण पूर्ण केले, व्यायामशिक्षणाची पदविका घेतली, योगासने आत्मसात केली आणि परत गावी येऊन शाळेत नोकरी धरली. या काळाविषयी त्या बोलत नाहीत; म्हणून मीही अधिक लिहीत नाही.

त्यांच्या ज्या उपक्रमामुळे डहाणू-तलासरीच्या पंचक्रोशीत त्यांचे नाव झाले, त्याचा उगम एका चहाच्या दुकानात आहे. शाळेचे मैदान रस्त्याला लागून होते आणि समोरच हे दुकान. मुलींचा तास सुरू झाला की दुकानाच्या बाकावर एरवी न दिसणारी गर्दी दिसे. पुढे वाकायचे आसन आले की मुली आधी पदर ओढीत, मग रस्त्याकडे पाहात, आणि शेवटी अर्धवट वाकून उभ्या राहात. मनोरमाबाईंनी दुकानदाराला सांगून पाहिले. तो म्हणाला, "बाई, बाक माझा, पण डोळे गिऱ्हाइकांचे." तेव्हा त्यांनी ठरवले की गिऱ्हाइकांचे डोळे पोचणार नाहीत, अशी जागा शोधायची. ती त्यांना गंजाड गावाच्या पलीकडे सापडली. तेथे एक मध्यम उंचीचा डोंगर आहे. त्याचा माथा सपाट, गवताळ. हवा स्वच्छ असेल तर तेथून समुद्राची रेघ दिसते. माथ्याच्या एका टोकाला झाडाखाली शेंदूर लावलेला वाघदेव आहे.

मी विरोध केला, हे नोंदवले पाहिजे. आसनासाठी जागा सम, निवाऱ्याची आणि निर्वात असावी, असे शास्त्र सांगते. डोंगराचा माथा यांपैकी एकाही कसोटीला उतरत नाही. मनोरमाबाईंनी माझे सगळे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुमच्या शास्त्रकारांना त्या चहाच्या दुकानासमोर आठ दिवस उभं केलं असतं ना सर, तर त्यांनी आपण होऊन डोंगराचा श्लोक घातला असता." हे उत्तर तर्काच्या दृष्टीने सदोष होते. तरीही पुढच्या रविवारी सूर्याची नावे सांगण्यासाठी मी एस.टी.त बसलो.

त्यांची पद्धत अशी होती. जिला चढणे सर्वांत जड जाते, तिने सर्वांच्या पुढे चालायचे; तिच्या पुढे कोणी जायचे नाही. चढताना बोलायचे नाही, श्वास नाकानेच घ्यायचा. तोंड उघडले की थांबायचे, आणि पुढची थांबली की सगळी रांग थांबायची. माथ्यावर पोचल्यावर लगेच बसायचे नाही. श्वास खाली येईपर्यंत सावकाश फिरायचे. मग सूर्यनमस्कार, मग आसने, आणि अखेरीस शवासन. घाईने काही करायचे असेल तर मैदान आहे, असे त्या म्हणत. या क्रमाने मुलींची छाती भरली, चालण्यातला संकोच गेला. पहिल्या वर्षी डोंगराच्या निम्म्यावर रडणाऱ्या मुली दुसऱ्या वर्षी माथ्यावर पोचून मला 'सर, हात देऊ का?' असे विचारू लागल्या. या प्रश्नातला खोडसाळपणा मला कळत होता.

त्यांच्या स्वभावाची एक बाजू सांगतो. वर्गात पार्वती नावाची मुलगी होती. तिची आई धर्मीबाई बंदरावर सुकी मासळी विकत असे. पार्वतीच्या चादरीला घरचा वास येई आणि इतर मुली तिच्यापासून हात-दोन हात सरकून बसत. एका रविवारी मनोरमाबाई म्हणाल्या, "सतरंजी घरीच राहिली माझी. पार्वती, तुझ्या चादरीवर जागा आहे का गं?" त्या संपूर्ण हंगामात त्यांची सतरंजी घरीच राहात गेली. वस्तू विसरण्याची सवय त्यांना त्यापूर्वी नव्हती आणि नंतरही जडली नाही. हंगाम संपण्याच्या सुमारास पार्वतीच्या चादरीच्या दुसऱ्या बाजूला जागा मिळवण्यावरून दोन मुली भांडताना मी ऐकल्या.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. आश्विन संपत आला होता. मुलींचा गणवेश पांढऱ्या साड्यांचा, अंथरलेल्या चादरी पांढऱ्या. शवासनाच्या वेळी वारा आणि चिलटे फार होती, म्हणून मनोरमाबाईंनी सर्वांना तोंडावरून पदर घ्यायला सांगितले आणि स्वतःही पदर ओढून मुलींच्या रांगेत पडून राहिल्या. मी शवासन करीत नाही. मी थोडा दूर, समुद्राकडे तोंड करून बसलो होतो. मागे काय झाले ते मला दिसले नाही. पाला वाजल्यासारखे वाटले. गुरे असतील, असे समजून मी वळलो नाही.

उतरताना वाटेवर भाताच्या ताज्या लोंब्या विखुरलेल्या दिसल्या. काही मुलींनी त्या उचलून केसांत खोवल्या. मनोरमाबाईंनी त्या काढायला लावल्या आणि वाटेकडेच्या एका दगडावर नीट रचून ठेवल्या. "धान्य माळायचं नसतं," एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही परतलो.

पुढच्या रविवारी डोंगराच्या पायथ्याशी वाट अडवून माणसे उभी होती. पायथ्याच्या पाड्यातली ती माणसे. एरवी आमच्याशी हसून बोलणारी. पुढे देवजी भगत. पाड्याचे देवकार्य तेच पाहात. त्यांच्यामागे लाडकी नावाची एक बाई खाली मान घालून उभी होती.

"बाई, आज वर नाय जायचं," देवजी म्हणाले.

"काय झालं, देवजीदादा?"

"तुमी देवाच्या म्होरं मुडदे निजवले."

कोणालाच काही कळेना. मग तुटक तुटक समजले ते असे. पाड्याची रीत अशी की नवे भात तयार झाले की पहिल्या लोंब्या माथ्यावरच्या वाघदेवाला वाहायच्या, आणि त्या वाहिल्याशिवाय नवे भात कोणी शिजवायचे नाही. त्या वर्षी लोंब्या नेण्याचा मान लाडकीच्या घराचा होता. ती टोपली घेऊन माथ्यावर आली आणि तिने पाहिले, की देवापुढे पांढऱ्या कपड्यात, तोंडावर पांढरे घेऊन, ओळीने प्रेते निजवली आहेत. टोपली तशीच घेऊन ती धावत सुटली आणि लोंब्या वाटेवर सांडत गेल्या. लोंब्या देवाला पोचल्या नाहीत. देवाच्या जागी मृत्यू दिसला, म्हणून आता पाड्याचे नवे अडले होते. शेतात पीक उभे होते. जुने भात भाद्रपदातच संपले होते.

मी पुढे झालो. शवासन म्हणजे मृत्यू नव्हे, ती विश्रांतीची एक अवस्था आहे, हे मी सोप्या शब्दांत समजावू लागलो. लाडकीने प्रथमच मान वर केली.

"मी बगितलं ना," ती म्हणाली. "एक पण हालत नव्हतं. वाऱ्यानं कपडा हालं, माणूस नाय हालं."

हालू नये, हाच तर त्या आसनाचा नियम.

मनोरमाबाईंनी मला हाताने थांबवले. त्या लाडकीजवळ गेल्या. "घरात मुलं काय खातात आता?"

"कंद. नाचणीची आंबील. रोज बोलतात मला सगळी. सासू बोलते, तुजे हातानं नवं गेलं."

"तुझ्या हातानं नाही गेलं, आमच्यामुळे गेलं. देवजीदादा, आता हे सुटायचं कसं?"

देवजींनी ते आधीच ठरवले असावे. ज्यांना लाडकीने मेलेले पाहिले, त्या सगळ्यांना तिने त्याच जागी जिवंत पाहायला हवे. प्रत्येकीने देवापुढे उभे राहून आपले नाव सांगायचे, लाडकीच्या हातचे पाणी प्यायचे. मग लोंब्या वाहायच्या. "पण सगळ्या," देवजी म्हणाले. "एक जरी कमी आली तर ती मेलीच राहिली. मग नवं नाय."

"त्या दिवशीच्या काही मुली आज आलेल्या नाहीत," मनोरमाबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी सगळ्यांना आणते."

हे वचन किती अवघड आहे, हे परतीच्या एस.टी.तच कळू लागले. डहाणूत बातमी आमच्या आधी पोचली होती आणि पोचेपर्यंत चांगलीच फुगली होती. कोणी म्हणे मुलींना डोंगरावर झटका आला, कोणी म्हणे देवाने घेतल्या आणि सोडल्या. शाळेच्या चालकांपैकी एका सद्गृहस्थांनी मनोरमाबाईंना बोलावून हा डोंगराचा प्रकार तत्काळ बंद करण्यास सांगितले. मी त्या वेळी उपस्थित होतो.

मनोरमाबाई म्हणाल्या, "बंद करा म्हणालात तर करीन. पण पुढच्या रविवारनंतर. त्या पाड्यातल्या चुली माझ्यामुळे थांबल्यात. तेवढं निस्तरते, मग तुम्ही काय म्हणाल ते."

"आणि पालकांनी मुली पाठवल्या नाहीत तर?"

"विचारून बघते. घरं माहीत आहेत मला."

त्या आठवड्यात शाळा सुटली की त्या निघत. बाजारपेठेत, वाड्यांमध्ये, बंदरावर. बहुतेक ठिकाणी मी त्यांच्याबरोबर होतो. एखाद्या पालकाने शास्त्राचा प्रश्न काढलाच, तर उत्तर द्यायला. तसा प्रश्न कोणीही काढला नाही. मनोरमाबाई प्रत्येक घरात तीच हकीकत, तेवढ्याच शब्दांत सांगत. चूक आपली आहे, हे प्रथम सांगत. मुलींना काही होणार नाही, अशी हमी देत नसत. "मी बरोबर आहे," एवढेच म्हणत. एकेक घर कबूल होत गेले. शेवटी धर्मीबाईंचे राहिले.

धर्मीबाई अंगणात बोंबील वाळत घालीत होत्या. त्यांनी आम्हाला बसा म्हटले नाही.

"पोरीला माझ्या देवापुढं मुडदा केलीस ती केलीस, आता परत न्यायला आलीस?"

"जिवंत आहे म्हणून दाखवायला न्यायची आहे."

"माझी पोर जिवंत आहे हे मला दिसतंय की. दिवसभर बडबड करते. कुणाला बघायचं असेल तर त्यानं बंदरावर यावं."

"त्या बाईला इथं नाही बघता येत, धर्मीबाई. तिला तिथंच बघायला हवं. पार्वती नाही आली तर त्यांच्या पाड्यात भात शिजणार नाही."

धर्मीबाईंचा हात थांबला. "कुठला पाडा म्हणालीस?"

मनोरमाबाईंनी सांगितले.

"आणि ती बाई कोण?"

"लाडकी म्हणून आहे."

"उंच? कपाळावर गोंदलेलं? दर बाजाराला येते ती? घासाघीस करून डोकं खाते माझं!" धर्मीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तिला नवं खायला मिळत नाही होय? थांब. मीच येते पोरीबरोबर. बघू कोण माझ्या पोरीला मेली म्हणतं."

रविवारी धर्मीबाई आल्या. त्या येणार हे कळल्यामुळे आणखी काही आया आल्या. मुलींना एकटे सोडायला त्यांचे मन धजत नव्हते. मनोरमाबाईंनी नेहमीचा नियम मोडला नाही. जिला चढणे जड, ती पुढे. त्या दिवशी धर्मीबाई सर्वांच्या पुढे चालत होत्या, आणि नाकाने श्वास घ्यायचा नियम त्यांनी एक पाऊलभरही पाळला नाही. "समुद्र बरा," त्या दर वळणावर म्हणत. "समुद्र निदान सपाट असतो."

माथ्यावर लाडकी कळशी घेऊन वाघदेवाजवळ उभी होती. देवजींनी मुलींना एकेक करून पुढे बोलावले. प्रत्येकीने नाव सांगितले, ओंजळीतून पाणी प्यायले. लाडकी प्रत्येकीचे तोंड पाहात होती, हाताला हात लावून पाहात होती. पहिल्या काही मुलींच्या वेळी पाणी ओंजळीबाहेर सांडत होते. हळूहळू ते नीट ओंजळीत पडू लागले. पार्वतीची पाळी आली तेव्हा धर्मीबाई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"ही माझी. नीट बघ. मेलेली दिसते?"

लाडकीने पाहिले. मग धर्मीबाईंकडे पाहिले. "तू बोंबीलवाली?"

"तीच."

"मागल्या बाजाराला वास मारत होते तुजे बोंबील."

"आणि तरी तू पाटीभर नेलेस!"

पाड्यातल्या बायका हसल्या, मग मुली हसल्या. वाघदेवापुढे हसणे योग्य की अयोग्य, याचा निर्णय मी देवजींवर सोपवला. ते स्वतःच हसत होते.

सर्वांत शेवटी मनोरमाबाई पुढे झाल्या. लाडकीला आश्चर्य वाटले. "तू पण निजलेली?"

"हो. या टोकाला होते, मीच."

त्यांनी नाव सांगितले आणि पाणी प्यायले. लाडकीने त्यांच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि मोठ्याने म्हणाली, "सगळ्या हायत." देवजींनी लोंब्या वाहिल्या. त्या संध्याकाळी पाड्यात नवे भात शिजले. आम्हा सर्वांना थांबवून घेतले होते. पळसाच्या पानावरचा तो भात मी खाल्ला आहे. त्याबरोबर धर्मीबाईंनी आणलेले बोंबील होते. त्याविषयी मी मत देऊ शकत नाही, कारण ते माझ्या पानात नव्हते.

डोंगर बंद झाला नाही. देवजींनी दोनच गोष्टी सांगितल्या. नवे वाहून होईपर्यंत वर यायचे नाही, आणि माथ्यावर आडवे व्हायचे नाही. मनोरमाबाईंनी दोन्ही तेथल्या तेथे मान्य केल्या. नवे वाहून झाले की पाड्यातला माणूस दरवर्षी त्यांच्या दारी तसा निरोप घेऊन येतो. तेव्हापासून आसने माथ्यावर होतात आणि शवासन खाली ओढ्याकाठच्या पटांगणात, तेही तोंड उघडे ठेवून. आसने आणि शवासन यांच्यामध्ये एक अख्खी उतरण घालणे मला शास्त्रशुद्ध वाटत नाही. तेव्हाही वाटले नव्हते. आज इतक्या वर्षांनंतर, हा लेख लिहितानाही वाटत नाही. मी तसे त्यांना अनेकदा सांगितले आहे. त्यांचे उत्तर ठरलेले आहे: "बरोबर आहे तुमचं, सर. चला, उतरू या."

शाळेच्या चालकांनी पुढे आक्षेप घेतला नाही, कारण आयाही येऊ लागल्या होत्या. पाड्यातल्या बायका सुरुवातीला दुरून पाहात. पुढे दोघी-तिघी सूर्यनमस्कारांत उभ्या राहू लागल्या. त्यांच्याकडून मी सूर्याची नावे म्हणवून घेतो. पार्वती आज झरीच्या शाळेत शिक्षिका आहे आणि तेथल्या टेकडीवर मुलींना नेते. पहिल्यांदा नेण्यापूर्वी तिने मनोरमाबाईंना विचारले होते, सुरुवात कोणत्या आसनाने करू? त्यांनी सांगितले, "आधी टेकडी कुणाची आहे ते विचार. आसनाचं मग बघू."

यंदा त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली आणि त्या शाळेतून निवृत्त झाल्या. निवृत्तीच्या समारंभात मी त्यांना म्हणालो की डोंगराची जबाबदारी आता कोणा तरुणाकडे सोपवावी. त्या म्हणाल्या, "सोपवते की. आधी मला मागे टाकणारं कोणी येऊ दे." परवाच्या हंगामात त्यांच्या गुडघ्याला त्रास होता, म्हणून स्वतःच्याच नियमाप्रमाणे त्या सर्वांच्या पुढे चालल्या, आणि त्यांच्यामागे संपूर्ण रांग, लाडकीच्या सुनेपासून माझ्यापर्यंत, त्यांच्या गतीने चढली. कोणालाही ती गती कमी वाटली नाही. मी सहज कोणाची स्तुती करीत नाही, हे हा ग्रंथ वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. म्हणून एवढेच लिहितो, की ज्यांच्या मागे चालताना मला पुढे जाण्याची इच्छा झाली नाही अशी माणसे थोडी, आणि मनोरमाबाई त्यांपैकी एक आहेत. त्यांचे गुडघे बरे होवोत. श्वास असाच नाकाने चालू राहो. पाड्यात यापुढची पुष्कळ नवी भाते शिजोत, आणि प्रत्येक वेळी नवे वाहून झाल्याचा निरोप घेऊन येणारा माणूस मनोरमाबाईंच्याच दारात येऊन उभा राहो.